सातारा, जून १९२७ : बोर्डिंगातली पहिली पंगत

तू तेरा वर्षांचा आहेस आणि पहाटेपासून चालतो आहेस. मृगाचा पाऊस अंगावर घेत, वडिलांच्या मागून. त्यांनी घोंगडीची खोळ केली आहे आणि खांद्यावर अर्धं पोतं जोंधळे आहेत. तुझ्या डोक्यावर वळकटी : एक घोंगडी, एक ताट, एक तांब्या, धुतलेला सदरा आणि आईनं फडक्यात बांधून दिलेले शेंगदाण्याचे लाडू. माहुलीला कृष्णा मागे पडली तेव्हा वडील सकाळपासून पहिल्यांदा बोलले, "त्यो बघ अजिंक्यतारा." किल्ल्याचा माथा ढगात होता. पायथ्याशी सातारा.

साल १९२७. पोत्यातले जोंधळे हीच तुझी फी. ज्यांच्या घरात तेवढेही नाहीत त्यांची पोरंही इथे राहतात, हे तुला अजून माहीत नाही.

मी तुला इथे मुद्दाम आणलं आहे. या जूनमध्ये तूही बॅग भरतो आहेस. नवोदयला नंबर लागला असेल, आश्रमशाळेत जात असशील, लांबच्या कॉलेजच्या होस्टेलवर, किंवा याच साताऱ्यातल्या सैनिक स्कूलमध्ये, जे १९६१ साली निघालं आणि देशातलं पहिलं होतं. चादरी किती, मोज्यांचे जोड किती, पेटीला कुलूप कसलं, याची यादी तुला मिळालीच असेल. परक्या पोरांच्या पंगतीत कसं बसायचं, हे मात्र त्या यादीत नसतं. ते ज्यांनी सगळ्यात अवघड काळात शिकून दाखवलं त्यांच्यात थोडे दिवस राहून ये, असं माझं म्हणणं आहे.

तू मुलगी असशील तर एक गोष्ट आधीच सांगायला हवी. १९२७ च्या या दारात तुला जागा नाही. मुलींच्या राहण्याची सोय आहे ती पुण्यात, हुजूरपागेत, सेवासदनात, हिंगण्याला कर्व्यांच्या आश्रमात, आणि तिथवर पोचणाऱ्या मुली फार थोड्या घरांतल्या आहेत. तरी चल. पुढे जे सांगणार आहे ते तुलाही तितकंच लागू आहे.

या बोर्डिंगला नाव मिळून चारच महिने झाले आहेत. २५ फेब्रुवारीला महात्मा गांधी साताऱ्याला आले होते, त्यांच्या हस्ते नामकरण झालं : श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. शाहू महाराज जाऊन पाच वर्षं झाली. त्यांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली. मराठ्यांचं, जैनांचं, मुसलमानांचं, लिंगायतांचं, शिंप्यांचं, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या पोराला शहरात खोली मिळत नसे, खानावळीत जेवणही मिळत नसे, अशा काळात जातवार बोर्डिंग हेच त्याला उघडणारं दार होतं. महाराजांनी ती दारं उघडली म्हणून दोन पिढ्या शिकल्या. साताऱ्यात पुढचं पाऊल पडलं. इथे सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली झोपतात आणि एका चुलीवरचं खातात.

ज्यांनी हे घर मांडलं ते भाऊराव पायगोंडा पाटील आज ३९ वर्षांचे आहेत. पोरं त्यांना अण्णा म्हणतात. ते स्वतः कोल्हापुरात शिकायला होते तेव्हा वसतिगृहातच राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले, आणि परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसता येणार नाही असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी आंघोळ केली नाही. वसतिगृह सुटलं. ते मॅट्रिकही झाले नाहीत. पुढे साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, तेव्हा लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. मग ओगल्यांच्या कारखान्यातला काचमाल आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. त्या हिंडण्यात त्यांना शाळेबाहेरची पोरं दिसली. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात हे बोर्डिंग. पुढे धनिणीच्या बागेशी याचं नाव कायमचं जोडलं जाईल. जेवणाच्या पंगतीवरून ज्याला एकदा उठवलं गेलं, त्यानंच सगळ्यांची पंगत मांडावी, याचं मला फार मोल वाटतं.

वडील जोंधळे ओतून रिकामं पोतं घडी करतात. तुझ्या डोक्यावर हात ठेवतात आणि निघतात. वळून बघत नाहीत. वळून बघितलं तर पाय उचलणार नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. तू त्याचा दुसरा अर्थ काढू नकोस.

आता येणारे दोन तास सगळ्यात वाईट. दिवेलागण. गावी या वेळेला गुरं परत येतात, चूल पेटते, कुणीतरी तुला हाक मारतं. इथे चाळीस आवाज आहेत आणि त्यातला एकही तुझ्या ओळखीचा नाही. घशात काहीतरी अडकल्यासारखं होईल. होऊ दे. फक्त या वेळी वळकटीवर बसून राहू नकोस. जे पोर पहिल्या संध्याकाळी भिंतीला टेकून बसतं, ते दुसऱ्या संध्याकाळीही तिथेच बसतं. ऊठ आणि चुलीकडे जा. तिथे काम आहे.

चुलीपुढे तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा पोरगा भाकऱ्या थापतो आहे. धुरानं डोळे लाल झालेले. तो मान वर न करता विचारतो.

"कुठनं आलायस रं?"

"कोरेगावाकडनं."

"ती घागर घे, पानी आन जा."

झालं. याहून वेगळं स्वागत इथे होत नाही, आणि याहून चांगलं मला माहीत नाही. घागर उचललीस की तू पाहुणा राहिला नाहीस.

मग पंगत बसते. आणि इथे मला तुला दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात, कारण तू कुठल्या घरातून आलास ते मी ठरवलेलं नाही.

तू वाड्यातला असशील, पाटलाचा, देशमुखाचा, किंवा नुसता चार बिघे जमीन असलेल्या कुणब्याचा, तर शेजारी कोण बसला आहे हे विचारायला तुझी जीभ निघेल. गावात माणसाला माणूस भेटला की आधी तेच विचारतात. विचारू नकोस. तरी कळेलच, नावावरून, बोलण्यावरून, गावाच्या कुठल्या अंगाला घर आहे त्यावरून कळतं. घास तोंडाशी येईल आणि हात थांबेल. आजी आठवेल, तिचं सोवळं आठवेल, देवघर आठवेल. हात थांबला म्हणून स्वतःला नावं ठेवू नकोस, तेरा वर्षं त्याला तेच शिकवलं आहे. पण घास खाली ठेवू नकोस. गिळ. दुसरा थोडा सोपा जाईल. पाच-सहा घासांनंतर तुला फक्त भूक लागलेली असेल, सकाळपासून चालला आहेस.

तू महारवाड्यातला, मांगवाड्यातला असशील, तर तुझे पाय आपोआप उंबऱ्याबाहेर थांबतील. गावच्या शाळेत तू व्हरांड्यात बसलास. पाणी वरून ओतलं तेव्हा ओंजळीनं प्यालास. मास्तरांनी पाटी हातात न घेता लांबून तपासली. इथे कुणीतरी म्हणेल, "आत ये की, तिथं का हुबा?" आणि तुला वाटेल, यात काहीतरी फसगत आहे. आत ये. पंगतीच्या टोकाची जागा शोधू नकोस, मधे बस. शेजारच्यानं ताट जरासं पलीकडे सरकवलं, तर तू तुझं सरकवू नकोस. तसंच राहू दे. तो दोन दिवसांनी ताट परत जागेवर आणेल, किंवा आणणार नाही. ते त्याचं शिकणं आहे, त्याचा भार तू घेऊ नकोस. आणि घागरीत तांब्या बुडवताना कुणी हात धरला, तर त्याच क्षणी अण्णांना जाऊन सांग. याला चहाडी म्हणत नाहीत.

एका घागरीत दोन पोरांचे तांब्ये बुडणं म्हणजे काय, हे आज तुला कळणार नाही म्हणून सांगतो. तीन महिन्यांपूर्वी, २० मार्चला, घाटापलीकडे महाडला डॉ. आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि तिथलं पाणी प्याले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं १९२३ सालीच केला होता. तरी त्या दिवशी माणसांवर काठ्या चालल्या, आणि नंतर तळ्यात गोमूत्र ओतून ते शुद्ध करून घेतलं गेलं. कायदेमंडळाचा ठराव ज्या पाण्यापर्यंत पोचू शकला नाही, ते पाणी या बोर्डिंगात रोज सकाळ-संध्याकाळ पोरं एकमेकांना वाढतात. मोठी माणसं परिषदा भरवत होती तेव्हा ज्यांना अजून मिसरूडही फुटलं नव्हतं त्यांनी हे केलं. त्यांच्यावर कुणी पुस्तकं लिहिली नाहीत. मला ती पोरं पुढाऱ्यांइतकीच मोठी वाटतात.

जेवण झालं की फडकं सोड. लाडू. आईनं महिनाभर पुरतील असे बांधून दिले आहेत, रोज अर्धा खा म्हणाली आहे. सगळे आजच वाटून टाक. लपवलेला खाऊ मुंग्यांना सापडतो, त्याच्या आधी पोरांना सापडतो, आणि ज्यानं लपवला त्याला त्या दिवशी जे नाव पडतं ते वर्षभर जात नाही. वाटलास तर पुढच्या आठवड्यात वाळव्याकडचा एक पोरगा त्याच्या घरून आलेला गूळ तुझ्या हातावर ठेवेल.

रात्री झोप येणार नाही. पलीकडच्या घोंगडीतूनही हुंदका ऐकू येईल. बोलू नकोस, नुसता कूस वळव, म्हणजे त्याला कळेल की तूही जागा आहेस.

सकाळी कामांच्या पाळ्या लागतात. पाणी भरणं, लाकूडफाटा, झाडलोट, भांडी, दळण, स्वैपाक. नवीन पोराला वाटतं की सोपं काम पदरात पाडून घ्यावं. मी उलट सांगेन. पहिल्या आठवड्यात कुणालाच नको असलेलं काम स्वतःहून माग. खरकटी भांडी माग. राखेनं घासताना हात काळे होतील, आणि तुझ्याशी बोलायला ज्यांना संकोच वाटत होता ते आपोआप येऊन शेजारी बसतील.

आणि भाकरी शीक. घरी तू तव्याला हात लावला नसशील, ते आईचं आणि बहिणीचं काम होतं. इथे स्वैपाकाला बाई नाही, तूच आहेस. जोंधळ्याच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून पाणी कढत लागतं आणि पीठ तळहाताच्या टाचेनं रगडून मळावं लागतं. कमी मळलंस तर कडा फाटतात. परातीत खाली पिठी पसरून, एका हातानं फिरवत दुसऱ्यानं थाप. तव्यावर पिठीची बाजू वर यायला हवी; तिच्यावरून लगेच पाण्याचा हात फिरव, पाणी सुकत आलं की उलट, आणि शेवटी विस्तवाकडे तोंड करून उभी कर. फुगेल. पहिल्या दिवशी फुगणार नाही, तिचा नकाशा होईल, आणि तोच नकाशा सगळे खातील, कारण दुसरं काही नसेल. ज्या दिवशी चाळीस जणांनी तुझ्या हातची भाकरी खाल्ली, त्या दिवशी तुझ्या हाताला कुणी विटाळ म्हणू शकत नाही आणि तूही कुणाच्या हाताला म्हणू शकत नाहीस. स्वैपाकाची पाळी पैसे वाचवायला होतीच. पण जात मोडायला तिच्याइतकं धारदार हत्यार त्या घरात दुसरं नव्हतं, असं माझं ठाम मत आहे.

शाळा गावात आहे. सकाळी पोरांच्या घोळक्यातून जाताना राजवाडा लागेल. तिथल्या सरकारी हायस्कुलाच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर असं एक नाव चढलं होतं. महाडला तळ्यावर गेले ते हेच. तू इंग्रजी पहिलीत बसशील. तू "व्हय" म्हणालास की मागच्या बाकावर खसखस पिकेल, "न्हाई" म्हणालास की पुन्हा. पुस्तकातली भाषा मन लावून शीक, ती तुला लागणार आहे. पण सुट्टीत घरी गेल्यावर आईशी पुस्तकातलं बोलू नकोस. तुझ्या बोलण्याला हसणाऱ्यांपैकी एकजण महिनाभरात गणितासाठी तुझ्याकडे येईल, तेव्हा त्याला आधी गणित समजावून दे.

अभ्यासाला कंदील थोडे, पोरं पुष्कळ. काच ओगलेवाडीची असेल कदाचित, अण्णांनी कधीकाळी विकलेल्या मालाची भावंडं. ती रोज राखेनं पूस, काजळी धरली की निम्मा उजेड जातो. एका कंदिलाभोवती सहा जण बसतात तेव्हा एकानं मोठ्यानं वाचायचं आणि पाचांनी ऐकायचं, असं आपोआप ठरतं. ज्याला एकट्यानं वाचायची सवय आहे त्याला सुरुवातीला जड जाईल. पण जे तू दुसऱ्याला समजावून सांगितलंस ते परीक्षेत विसरत नाहीस. आज तुझ्या होस्टेलच्या खोलीत प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळा दिवा आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी तो बंद करून एका टेबलाभोवती बसा.

अंग गरम लागलं तर लपवू नकोस. घरी पाठवून देतील या भीतीनं पोरं ताप अंगावर काढतात, आणि मग खरोखरच घरी पाठवावं लागतं. बोटांच्या बेचक्यात खाज सुटली तर ती खरूज आहे. लाजू नकोस, लगेच सांग, नाहीतर आठवड्यात सगळी खोली खाजवत बसेल. आपला पंचा आपल्यापुरताच ठेव. वाटून घ्यायच्या गोष्टींत पंचा येत नाही.

घरी पत्र टाकायला अर्ध्या आण्याचं कार्ड पुरतं. तीर्थस्वरूप, शिरसाष्टांग नमस्कार, विशेष. तुझ्या वडिलांना वाचता येत नसेल, तर कार्ड शाळामास्तर चावडीपुढे वाचून दाखवतील आणि आख्खी आळी ऐकेल. म्हणून ज्या रात्री रडू आलं त्या रात्री लिहू नकोस, दुसऱ्या दिवशी दुपारी लिही. लिहायचं ते खरंच लिही. तुझ्या हातात आज फोन आहे, तेव्हा हे तुला जास्तच लागू आहे. रात्री साडेदहाला फोन करून तू पाच मिनिटं रडतोस आणि हलका होऊन झोपतोस. तिकडे आई पहाटेपर्यंत छताकडे बघत पडते. फोन सकाळी कर. मात्र कुणी मारत असेल, अंगाला हात लावत असेल, कपडे काढायला लावत असेल, तर रात्र बघू नकोस, वेळ बघू नकोस. त्याच क्षणी आईला सांग, रेक्टरला सांग, १०९८ वर फोन कर. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. सोसणं हा बोर्डिंगचा रिवाज आहे असं जो मोठा मुलगा सांगतो, तो खोटं सांगतो.

धान्य कमी पडू लागलं की काही पोरं गावोगाव मूठ-मूठ धान्य मागायला जातात. तुझीही पाळी येईल. दारात झोळी धरून उभं राहताना मान खाली जाईल. वर ठेव. तू स्वतःसाठी मागत नाहीस, आणि देणारी बाई मूठ भरताना विचारतेच, "कितवीत हाईस बाळा?" तिला नीट सांग. तिच्या घरातलं पोर अजून शाळेत गेलेलं नाही, आणि तुझं उत्तर तिच्या कानात राहणार आहे.

लक्ष्मीबाईंचं सांगायचं राहिलं. अण्णांची बायको. सधन जैन घरात, कडक सोवळ्याओवळ्यात वाढलेली. त्यांचा संकोच कुठल्या दिवशी गळाला ते कुणी लिहून ठेवलं नाही, पण सगळ्या जातींच्या पोरांना पोटाशी धरणाऱ्या याच लक्ष्मीबाई आहेत. पोरांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले. अण्णा बाहेरगावी असताना कोठीत दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही काढून दिलं, ही गोष्ट साताऱ्यात आजही सांगतात. लोक पुढे त्यांना रयत माउली म्हणतील. तू त्यांना बघतोस त्यानंतर त्या फक्त तीन वर्षं आहेत, १९३० साली त्या गेल्या. म्हणून सांगतो, ताटात भाकरीचा तुकडा टाकून उठू नकोस. आजच्या मेसमध्येही नको. कुणाच्या कशातून तो आला आहे, हे जेवणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं.

दिवाळीची सुट्टी लागते आणि तू घरी जातोस. खरी कसोटी इथे आहे. तुझी उंची वाढली आहे, हाताला घट्टे पडले आहेत. आजी दारातच विचारते, "कुनाच्या पंगतीला जेवतोस?" खोटं बोलणं सोपं आहे. पुष्कळ पोरं बोलली असतील आणि मी त्यांना दोष देणार नाही, कारण गावानं वाळीत टाकलं तर ते बापाला भोगावं लागतं. तरी तुला जमेल तर खरं सांग. उर्मट होऊन नको, भाषण करून नको. जेवताना बाकीच्यांची नावं घे. अमक्या गावचा अमका, त्याला बेरजा तोंडी येतात. तमका आजारी पडला तेव्हा मी त्याला पेज करून दिली. आजी न्हाऊ घालेल, तुळशीचं पान जिभेवर ठेवेल. ठेवू दे. रात्री ती हळूच विचारेल, "त्या पोराचा ताप उतरला का मग?" आणि तू महारवाड्यात परतला असशील, तर तुझा प्रश्न वेगळा आहे : गावच्या विहिरीवर तुला पुन्हा वरून ओतलेलं पाणी मिळेल, आणि आता ते घशाखाली उतरणार नाही. तो राग जपून ठेव. पण सुट्टी संपली की परत ये. कुणी काही म्हटलं तरी परत ये. या बोर्डिंगात येणं तुझ्यासाठी जितकं कठीण होतं, त्याहून परत येणं कठीण आहे.

आता साताऱ्यातून बाहेर ये. याच मुशीतून १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं आणि 'कमवा आणि शिका' ही तिथल्या पोरांची रीत झाली. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. अण्णांच्या हाताखाली वाढलेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन त्याच संस्थेत शिकवू लागले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ९ मे १९५९ रोजी अण्णा गेले. रयतच्या शाळा-कॉलेजं आज महाराष्ट्रभर आहेत. पण पंगतीतला प्रश्न संपलेला नाही, हे तुला पोचल्यावर आठवड्याभरात दिसेल. मेसमध्ये टेबलं वाटली जातात. एका जिल्ह्याचे इकडे, इंग्रजी माध्यमाचे तिकडे, आणि आडनाव विचारून झाल्यावर कुणीतरी हळूच ताट उचलून पलीकडे जातो. आश्रमशाळेतून आलेला मुलगा कोपऱ्यात खाली मान घालून जेवतो. कुणी कुणाला मारत नाही, शिवी देत नाही, म्हणून रेक्टरलाही ते दिसत नाही.

तुला दिसेल, कारण तू १९२७ ची पंगत बघून आला आहेस. पहिले पंधरा दिवस रोज वेगळ्या मुलाशेजारी बस. आडनाव विचारू नकोस, गाव विचार. कोपऱ्यातल्या मुलाला तुझ्या टेबलावर बोलावण्याआधी तू त्याच्या टेबलावर जा. आणि आईबाबांनो, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्याकडेही एक मागणं आहे. पोर पहिल्या सुट्टीत घरी आलं की मार्कांच्या आधी त्याला विचारा, कुणाबरोबर जेवतोस. तो जे नाव सांगेल, त्या मुलाला या दिवाळीत घरी जेवायला बोलवा.